खलनायकाला दुसरी संधी देणाऱ्या कथा पुसू नका : फॅनफिक्शन संग्रहाच्या व्यवस्थापनास खुले पत्र

फॅनफिक्शन संग्रहाच्या व्यवस्थापक मंडळास,

सप्रेम नमस्कार.

मालिकांच्या चाहत्यांनी त्यांतलीच पात्रे घेऊन लिहिलेल्या कथा, म्हणजे फॅनफिक्शन, आपल्या संग्रहात राहतात. आपण जाहीर केलेल्या नव्या नियमांप्रमाणे ‘पात्राच्या मूळ चारित्र्याशी विसंगत’ असलेल्या कथा संग्रहातून काढल्या जाणार आहेत. मालिकेत न दाखवलेल्या प्रेमसंबंधांचे टॅग, म्हणजे कथेवर लावायच्या शोधखुणा, बंद होणार आहेत. काय काढायचे हे ठरवायला एक शब्दयादी आणि तक्रारीचे बटण पुरेसे मानले गेले आहे. यामागची कारणे म्हणून आपण मूळ मालिकेचा आदर आणि वाचकांची सुरक्षितता यांचा उल्लेख केला आहे.

आम्ही या संग्रहात लिहिणारे, वाचणारे, इतरांच्या कथा प्रसिद्धीआधी तपासणारे बीटा रीडर आणि टॅगांची व्यवस्था लावणारे स्वयंसेवक आहोत. आदर आणि सुरक्षितता आम्हालाही हवी आहे. पण या नियमांनी दोन्हींपैकी काहीच साधणार नाही, आणि जे मोडेल ते पुन्हा उभे करता येणार नाही. पत्र सर्वांसमोर लिहीत आहोत, कारण ज्यांच्या कथा जाणार आहेत त्यांतल्या अनेकांपर्यंत ही बातमी अजून पोचलेलीच नाही.

आमची पहिली हरकत ‘मूळ चारित्र्य’ या शब्दांना आहे. मालिकेतल्या पात्राचे मूळ चारित्र्य नेमके कोणत्या भागातले धरायचे? ‘गेम ऑफ थ्रोन्स’मधला जेमी लॅनिस्टर 2011 च्या पहिल्याच भागात एका लहान मुलाला खिडकीतून खाली ढकलतो. पुढे त्याचा हात तुटतो, अहंकार उतरतो, तो दिलेला शब्द पाळायला शिकतो. 2019 च्या शेवटच्या पर्वात तो पुन्हा सर्सीकडे, आपल्या क्रूर बहिणीकडे आणि प्रेयसीकडे, परततो. यातला मूळ जेमी कोणता? ‘बफी’ या मालिकेतला स्पाइक हा रक्तपिपासू पिशाच्च 1997 मध्ये मारेकरी म्हणून येतो. 2002 च्या एका भागात तो नायिका बफीवर बळजबरीचा प्रयत्न करतो आणि त्याच पर्वाच्या शेवटी स्वतःचा आत्मा परत मिळवतो. झीना तर 1995 मध्ये ‘हर्क्युलिस’च्या मालिकेत खलनायिका म्हणून आली आणि त्याच वर्षी प्रायश्चित्त करणारी नायिका म्हणून तिची स्वतःची मालिका सुरू झाली. या दोन घटनांच्या मधल्या महिन्यांत एखाद्या चाहत्याने ‘झीना सुधारते’ अशी कथा लिहिली असती, तर आपल्या कलमाखाली ती काढावी लागली असती. मालिका लिहिणारे स्वतः पात्रांची नीती बदलत असतात. त्यांनी दाखवलेला बदल प्रमाण आणि चाहत्याने सुचवलेला बदल अनादर, असा भेद करायला कोणती कसोटी लावणार, हे नियमांत कुठेच लिहिलेले नाही.

हेन्री जेन्किन्स यांनी 1992 मध्ये टीव्हीच्या चाहत्यांवर जे पुस्तक लिहिले, त्यात चाहते मालिका पुन्हा कशी लिहितात याचे दहा प्रकार मांडले होते. नैतिक बाजूंची फेरमांडणी, म्हणजे खलनायकाला नायकाच्या जागी आणणे किंवा दोघांमधली रेघ पुसट करणे, हा त्यातला एक स्वतंत्र प्रकार. दुय्यम पात्राच्या नजरेतून कथा सांगणे हा दुसरा. ज्या गोष्टीवर आपण बंदी घालत आहात ती फॅनफिक्शनच्या कडेला उगवलेले तण नव्हे, तिच्या खोडाचाच भाग आहे. मराठी वाचकाला तर हे परके वाटण्याचे कारणच नाही. भासाच्या ‘ऊरुभंगा’त मांड्या मोडून पडलेल्या दुर्योधनाजवळ त्याचा लहान मुलगा येतो, मांडीवर बसायला बघतो, आणि बापाला त्याला नको म्हणावे लागते. 1967 च्या ‘मृत्युंजय’मध्ये कर्णाबरोबर वृषालीही आपल्या तोंडून बोलते, दुर्योधनही बोलतो. यामुळे महाभारताचा अनादर झाला असे कोणी मानत नाही.

आता कामाच्या बारकाव्यांकडे येतो, कारण हे नियम करणाऱ्यांनी अशी कथा बांधली कशी जाते हे पाहिलेले दिसत नाही.

‘ब्रेकिंग बॅड’च्या दुसऱ्या पर्वातला, 2009 मधला प्रसंग घ्या. अमली पदार्थ बनवणारा वॉल्टर त्याचा साथीदार जेसी याच्या घरात शिरतो. जेसी आणि त्याची प्रेयसी जेन नशेत झोपलेले आहेत. जेसीला हलवून उठवताना जेन उताणी होते, तिला उलटी होते आणि ती गुदमरू लागते. वॉल्टर पुढे सरसावतो आणि थांबतो. ती मरेपर्यंत बघत राहतो. फॅनफिक लिहिणारा इथे एकच गोष्ट बदलतो: वॉल्टर तिला कुशीवर वळवतो. या जागेला आम्ही फाटा म्हणतो, जिथून कथा कॅननपासून, म्हणजे मूळ मालिकेतल्या घटनाक्रमापासून, वेगळी होते. फाटा फुटला की लेखकाला हिशेब मांडावा लागतो. जेन जिवंत आहे, म्हणजे विमानांची वाहतूक सांभाळणारा तिचा बाप शोकात बुडून कामावर परतत नाही, म्हणजे पुढची विमानांची टक्कर होत नाही आणि 167 माणसे वाचतात. पण जेनला वॉल्टरचे गुपित माहीत आहे आणि जेसीच्या पैशांसाठी तिने त्याला धमकावलेले आहे. वॉल्टरने तिला वाचवले म्हणजे स्वतःवरची टांगती तलवारही वाचवली. आता तो काय करेल? एका चांगल्या कृत्याने माणूस चांगला होतो, की पुढच्या आठवड्यात तो तिला गप्प करायचा दुसरा मार्ग शोधतो? मालिकेने हा प्रश्न त्या रात्री बंद केला होता. कथा तो उघडते. आपल्या नियमाच्या भाषेत ही ‘मूळ चारित्र्याशी विसंगत’ कथा आहे. आमच्या मते वॉल्टरच्या चारित्र्याची इतकी कसून तपासणी क्वचितच होते.

असे लेखन सहज जमत नाही, आणि बिघडते तेव्हा ठरलेल्या जागीच बिघडते. दुःखी बालपण हा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात फसवा रस्ता. पात्राने केलेल्या क्रौर्याला एक हृदयद्रावक आठवण जोडली की लेखकाला वाटते हिशेब चुकता झाला. त्यातून फार तर कारण कळते, जबाबदारी तशीच उरते. दुसरा बिघाड म्हणजे ज्याच्यावर अन्याय झाला तो कथेतून गायबच होतो, किंवा पंधरा प्रकरणांच्या कथेत दुसऱ्याच प्रकरणात माफ करून मोकळा होतो. तिसरा, नव्या जोडीची वाट मोकळी व्हावी म्हणून आधीच्या जोडीदाराला एकाएकी क्रूर, विश्वासघातकी करून टाकणे. याला फॅन्डममध्ये, म्हणजे चाहत्यांच्या जगात, बॅशिंग म्हणतात आणि जाणते वाचक ते पहिल्या पानावर ओळखतात. चौथा, पश्चात्ताप फक्त लांबलचक संवादातून दाखवणे. पात्र रडते, बोलते, पण त्या बोलण्यापायी त्याचे काहीच जात नाही.

बीटा रीडर यावर साधे उपाय करतात. कागदावर दोन रकाने आखायचे. डावीकडे पात्राने मालिकेत केलेली कृत्ये, भागांच्या क्रमाने. उजवीकडे प्रत्येक कृत्यापुढे तीन उत्तरे: ते कोणी सोसले, ते माणूस या कथेत बोलते का, आणि त्यानंतर पात्राची वागणूक कुठे बदललेली दिसते. उजवा रकाना कोरा राहिला तर ते प्रकरण पुन्हा लिहायचे. मग काळाची तपासणी: अविश्वासापासून विश्वासापर्यंत पोचायला कथेत किती दिवस गेले, आणि त्या दिवसांत दोघे किती वेळा समोरासमोर आले. शेवटी आवाजाची तपासणी. संवादांतली नावे झाकून मोठ्याने वाचायचे. कोण बोलते आहे ते ओळखू आले नाही तर पात्र हातून सुटले आहे, त्याची नीती बदललेली असो वा नसो. ‘विसंगत’ या शब्दाला अर्थ असलाच तर तो इथे आहे, आणि हे काम माणसाने कथा अथपासून इतिपर्यंत वाचूनच होते.

शिवाय काही कथांत घटना तसूभरही बदललेली नसते, फक्त उभे राहण्याची जागा बदललेली असते. ‘ब्रेकिंग बॅड’मधल्या वॉल्टरच्या बायकोबद्दल, स्कायलरबद्दल, प्रेक्षकांत इतका द्वेष साठला की ती भूमिका करणाऱ्या ॲना गन यांना 2013 मध्ये त्यावर वर्तमानपत्रात लेख लिहावा लागला. स्कायलरच्या नजरेतून लिहिलेल्या फॅनफिकमध्ये तीच घरे, तेच संवाद, तेच खोटे बोलणे असते. फक्त आता आपण वॉल्टरच्या खांद्यावरून पाहत नाही. फसवल्या जाणाऱ्या माणसाच्या जागेवरून तोच प्रसंग भीतिदायक दिसतो. या कथेत चारित्र्य कोणाचे बदलले? वाचकाचा कौल बदलला, आणि तक्रारीचे बटण दाबले जाते ते नेमके अशा कथांवर.

नात्यांच्या टॅगांबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण इथे आपला नियम स्वतःच्याच हेतूवर उलटतो. 1967 मध्ये ‘स्टार ट्रेक’चे पहिले फॅनझीन, म्हणजे चाहत्यांनी स्वतः काढलेले नियतकालिक, निघाले. 1974 मध्ये त्या मालिकेतला कप्तान कर्क आणि त्याचा सहकारी स्पॉक यांच्यातल्या प्रेमाची एक कथा छापली गेली, तिच्यात पात्रांची नावेसुद्धा लिहिलेली नव्हती. पुढे दोन नावांमध्ये तिरपी रेघ (/) देण्याची पद्धत रूढ झाली आणि त्या रेघेवरूनच अशा कथांना स्लॅश हे नाव पडले. एखाद्या जोडीचे प्रेम जुळावे असे वाटणारा चाहता, म्हणजे ‘शिपर’, हा शब्द ‘एक्स-फाइल्स’च्या चाहत्यांमधून आला. आज बहुतेक ठिकाणी संकेत असा आहे: तिरपी रेघ म्हणजे प्रेम वा शरीरसंबंध, आणि ‘अँड’चे चिन्ह (&) म्हणजे मैत्री, भावंडे, गुरु-शिष्य. वाचक याच खुणांवरून कथा निवडतो आणि याच खुणांवरून टाळतोही. तिरपी रेघ बंद केली की त्या कथा लिहिल्या जायच्या थांबणार नाहीत. त्या ‘अँड’खाली जातील. मग मैत्रीची कथा शोधणाऱ्याच्या हाती तिसऱ्या प्रकरणात भलतेच काही लागेल. त्याच्या सुरक्षिततेसाठीच आपण नियम केला होता.

न दाखवलेले नाते म्हणजे खोटे नाते, हेही खरे नाही. 1993 मध्ये सुरू झालेल्या, ‘स्टार ट्रेक’च्याच विश्वातल्या ‘डीप स्पेस नाइन’मध्ये गॅरक हा शिंपी, पूर्वाश्रमीचा हेर, तरुण डॉक्टर बशीरशी पहिल्यांदा बोलतो त्या दृश्यापासून चाहत्यांनी दोघांच्या प्रेमकथा लिहिल्या. गॅरकची भूमिका करणारे अँड्र्यू रॉबिन्सन यांनी आपण ते आकर्षण मनात धरूनच अभिनय केला असे जाहीरपणे सांगितले आहे. 2024 मध्ये त्याच विश्वातल्या ‘लोअर डेक्स’ या मालिकेत पर्यायी विश्वातले गॅरक आणि बशीर विवाहित जोडपे म्हणून दिसले. आणि या कथांमध्ये प्रेम हा विषय एकटा कधीच नसतो. ज्याने छळ करून माणसे बोलती केली आहेत, त्याच्यावर एका डॉक्टरने विश्वास कसा ठेवायचा? त्याने सांगितलेल्यातले खरे किती? चांगल्या गॅरक-बशीर कथा हाच प्रश्न धरून चालतात. नाते काढून घेतले तर नीतीचा प्रश्न विचारायला जागाच उरत नाही.

आदराचा मुद्दा एका उदाहरणात मांडतो. ‘ब्लेक्स सेव्हन’ या ब्रिटिश विज्ञानकथा-मालिकेचा शेवटचा भाग 21 डिसेंबर 1981 रोजी दाखवला गेला. गौडा प्राइम ग्रहावर ॲव्हन गैरसमजातून आपला जुना नेता ब्लेक याला गोळ्या घालतो, सोबती एकेक करून कोसळतात, आणि अखेरचे गोळ्यांचे आवाज पडदा काळा झाल्यावर ऐकू येतात. त्यानंतर काय झाले असेल याच्या इतक्या कथा लिहिल्या गेल्या की त्यांना ‘पोस्ट-गौडा प्राइम’ असे वेगळे नाव मिळाले. त्यांत ॲव्हन कधी वेडा होतो, कधी प्रायश्चित्त घेतो, कधी निर्ढावतो. निर्मात्यांनी पाठ फिरवलेल्या पात्रांना चाहत्यांनी इतकी वर्षे जपले. मालिकेचा यापेक्षा मोठा आदर कोणता, ते आपण सांगावे.

राहिली शब्दयादी. मराठीत ती कशी चालेल याचा विचार झालेला दिसत नाही. यादीत ‘मार’ आहे. मराठी माणूस हाक मारतो, मिठी मारतो, गप्पा मारतो, फेरफटका मारतो. यादीत ‘विष’ आहे. ‘विषय’ आणि ‘भविष्य’ या दोन्ही शब्दांत ती अक्षरे तशीच बसलेली आहेत. उलट बाजूही आहे: ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये एकसंध चिन्ह म्हणून टंकता येते किंवा ‘अ’वर चंद्र देऊनही. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, यंत्राला ते दोन वेगळे शब्द वाटतात. म्हणजे ‘ॲसिड’ एका कथेत अडेल आणि शेजारच्या कथेत सुटेल. आणि अत्याचारातून सावरणाऱ्या पात्राच्या कथेत अत्याचाराचे नाव घ्यावेच लागते. नेमक्या त्या कथा आधी पकडल्या जातील.

हे पूर्वी घडून गेले आहे. मे 2007 मध्ये लाइव्हजर्नल या ब्लॉग-संकेतस्थळाने खातेदारांच्या आवडींच्या यादीतले शब्द पाहून सुमारे 500 खाती बंद केली. त्यात अत्याचारातून वाचलेल्यांचे आधारगट होते, साहित्यचर्चा होती, फॅनफिक्शनचे गट होते. कंपनीला माफी मागून अनेक खाती परत सुरू करावी लागली, पण लोकांचा विश्वास उडाला. त्याच वर्षी चाहत्यांनी स्वतःची संस्था काढली आणि नोव्हेंबर 2009 मध्ये तिचा ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ हा फॅनफिक्शन संग्रह सर्वांसाठी खुला झाला. 2019 मध्ये त्याला विज्ञानकथा-साहित्याचा ह्युगो पुरस्कार मिळाला. तिथला मार्ग साधा आहे. उघड हिंसा, मुख्य पात्राचा मृत्यू, बलात्कार आणि अल्पवयीन पात्राशी शरीरसंबंध असे चार ठरलेले इशारे. यांतले काहीच नसेल तर तसे नोंदवायचे, आणि सांगायचेच नसेल तर ‘लेखकाने इशारा न देण्याचे ठरवले आहे’ हेही उघड लिहायचे, म्हणजे वाचक स्वतःच्या जबाबदारीवर आत जातो. वयोगटाची खूण वेगळी.

कथा काढली की काय जाते, तेही पाहा. मजकुराची प्रत लेखकाकडे असू शकते. तिच्याखालच्या वाचकांच्या प्रतिक्रिया, वाचनखुणा, कथामालेतला क्रमांक, तिच्यावरून सुचलेल्या दुसऱ्या कथांचे दुवे आणि अनुवादांशी असलेली जोडणी यांची प्रत कोणाकडेच नसते. सहा भागांच्या कथामालेतला चौथा भाग काढला की उरलेले पाचही निकामी होतात. आणि जे लेखक आता इथे येत नाहीत, जे हयात नाहीत, त्यांच्या कथा वाचवायला कोणीच नसणार.

आमच्या मागण्या अशा आहेत.

‘मूळ चारित्र्याशी विसंगत’ हे कलम पूर्ण मागे घ्यावे. त्याची सौम्य भाषेतली दुरुस्ती आम्हाला चालणार नाही, कारण दोष त्या कल्पनेतच आहे.

नात्यांचे सर्व टॅग खुले ठेवावेत, आणि तिरपी रेघ व ‘अँड’ यांतला फरक कथा चढवण्याच्या पानावर एका वाक्यात समजावून द्यावा.

चार इशारे, इशारा न देण्याचा पर्याय आणि वयोगटाची खूण सक्तीची करावी. खूण चुकली असेल तर कथा लपवून लेखकाला दुरुस्तीसाठी 14 दिवस द्यावेत.

शब्दयादी वापरायचीच असेल तर तिने फक्त बोट दाखवावे. निर्णय दोन माणसांनी पूर्ण कथा वाचून घ्यावा, त्यांतल्या एकाने ती मालिका पाहिलेली असावी, आणि आक्षेप असलेले वाक्य उद्धृत करून लेखकाला लेखी कळवावे.

आधीच निवडलेल्या कथांना 60 दिवसांची मुदत द्यावी. त्या काळात प्रतिक्रियांसह पूर्ण कथा उतरवून घेण्याची सोय असावी, आणि ज्याला नाव काढून घ्यायचे असेल त्याला कथा निनावी करून संग्रहातच ठेवता यावी.

कायद्याने गुन्हा ठरणारा मजकूर, खऱ्या माणसांचा छळ आणि इतर लेखकांना दिलेल्या धमक्या यांवर आपण जी कारवाई कराल तिला आमचा पूर्ण पाठिंबा आहे. त्यासाठीचे नियम आपल्याकडे आधीपासून आहेत आणि ते पुरेसे आहेत.

इशाऱ्यांची मराठी शब्दावली, प्रत्येक खुणेखालचे एका ओळीचे स्पष्टीकरण आणि शब्दयादीत चुकून अडणाऱ्या शब्दांची पहिली यादी आम्ही तयार करून द्यायला तयार आहोत. नियम लागू होण्याच्या तारखेआधी आपण भेटीची वेळ द्यावी आणि तोवर एकही कथा काढू नये, ही विनंती.

कळावे.

आपले,
संग्रहातील लेखक, वाचक, बीटा रीडर आणि टॅग-स्वयंसेवक